आधी पावती, मग माती

गेला शनिवार-रविवार भोकरला होतो. म्हणजे नेहमीचंच. शुक्रवारी हिंजवडीतून पाचलाच सटकायचं, मॅनेजरला "तिकडे नेटवर्क नसतं हो" असं सांगून ठेवायचं (भोकरला नेटवर्क झकास आहे, पण हे त्याला कोण सांगणार!), पहाटे नांदेडला उतरायचं आणि स्टँडवर चहा मारून भोकरची एसटी धरायची.

रविवारी उपासनेला गेलो. उपासना सुटल्यावर अंगणात मंडळींमधले एक वडील भेटले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय इंजिनियरसाहेब, अजून तेच धरून बसलास का रे?" मी हसलो. दहा मिनिटांनी कोपऱ्यावरच्या हॉटेलात शाळेतला मित्र भेटला. माझ्यासारखाच ख्रिस्ती घरातला, पण चार वर्षांपासून चर्चच्या पायरीवर पाय न ठेवलेला. माझ्या हातातलं बायबल बघून म्हणाला, "तू अजून तिथं जातोस? एवढं झाल्यावर?"

दोघांच्याही प्रश्नात 'अजून' होतं, आणि दोघांनाही मी तिथल्या तिथे नीट उत्तर दिलं नाही. परतीच्या गाडीत अप्पर बर्थवर पडल्या पडल्या सगळी उत्तरं सुचली. नेहमीसारखीच, उशिरा. तीच इथे लिहितोय.

आधी 'एवढं' म्हणजे काय झालं ते सांगतो. कुठली मंडळी, कुठला पंथ, कोण पाळक हे लिहिणार नाही. ती भोकरातच आहे असंही समजू नका, आमची सोयरीक या पट्ट्यात चहूकडे पसरलेली आहे.

माझी आजी २०२३ च्या जून महिन्यात गेली. वय साधारण त्र्याऐंशी, नक्की कुणालाच माहीत नाही. पहाटे गेली. दुपारी बाराला माती द्यायची असं ठरलं. मी पुण्याहून निघालो तेव्हा फोनवर बाबा एवढंच म्हणाले, "ये. खड्ड्याचं जरा बघावं लागतंय." मला वाटलं, पावसाची पहिली सर पडून गेलीय, काळी जमीन, खोदायला माणसं मिळत नसतील.

तसं नव्हतं. कबरस्तान मंडळींच्या ताब्यात, आणि कमिटीच्या खजिनदारांनी वही काढून सांगितलं होतं की आजीच्या नावावर ११ वर्षांची वर्गणी थकलीय. महिना २० रुपयांप्रमाणे २,६४० रुपये. ते भरा, पावती दाखवा, मग खड्डा. बाबा म्हणाले, "माती झाल्यावर बघू की, पैसे कुठं पळून जायलेत?" त्यावर उत्तर मिळालं की नियम सगळ्यांना सारखा. आजी अंगणात, बर्फाच्या लादीवर. बायका रडून दमल्या, गप्प झाल्या, पुन्हा रडल्या. शेवटी मीच फोनवरून पैसे पाठवले. हो, त्यांना फोनवरून चालत होते! तीन वाजता खड्डा खणायला सुरुवात झाली, साडेपाचला माती दिली. आणि या २,६४० रुपयांची पावती मला आजपर्यंत मिळालेली नाही.

इथवर ऐकून लोक म्हणतात, "अरेरे, माणुसकी राहिली नाही." पण गोष्ट माणुसकीवर संपली असती तर मी कदाचित विसरलोही असतो. चौथ्या दिवशी आजीची पत्र्याची पेटी उघडली. दोन लुगडी, एक चष्मा, सरकारी कागद आणि तिचं जुनं बायबल, रबर लावून बांधलेलं. त्या बायबलात, पानापानात, वर्गणीच्या पावत्या! २००६ पासून २०१९ पर्यंत. मधले तीन-चार महिने सोडले तर एकही चुकलेला नाही. खजिनदारांच्या वहीत ज्या वर्षांसमोर 'थकबाकी' लिहिलं होतं, त्यातल्या बहुतेक वर्षांच्या पावत्या त्यांच्याच मंडळींच्या शिक्क्यासकट माझ्या मांडीवर होत्या. पुढच्या पावत्या का नाहीत, हे आईनं सांगितलं. कोरोनानंतर तिला चर्चपर्यंत चालवत नव्हतं, मग एक पंच घरी येऊन पैसे घेऊन जायचा आणि "पावती नंतर देतो आजी" म्हणायचा.

म्हणजे पैसे आले होते, पण वहीत चढले नव्हते. मधे कुठेतरी जिरले. कुठे जिरले हे माझ्याकडे सिद्ध करायला काही नाही, म्हणून तसा आरोपही करत नाही. पण दोन रकाने जुळत नाहीत आणि का जुळत नाहीत हे विचारायचा मला हक्क आहे. यात अध्यात्म काढायचं कारण नाही. हे साधं रिकन्सिलिएशन आहे, आमच्या ऑफिसात फ्रेशर पोरं पहिल्या महिन्यात करतात.

मी विचारलं. मिळालेलं उत्तर आमच्या धंद्यातल्या लोकांना लगेच समजेल. तुम्ही बग टाकता, स्क्रीनशॉट जोडता, लॉग जोडता, आणि दुसऱ्या दिवशी तिकीट बंद, शेरा: 'वर्किंग ॲज डिझाइन्ड'. मला सांगण्यात आलं, "बाळा, जुन्या गोष्टी आहेत, प्रभू सगळं बघतो, तू प्रार्थना कर."

आता आधी मित्राला उत्तर. कारण तो माझ्या जास्त जवळचा आहे, आणि त्याची चीड खरी आहे.

त्याचं म्हणणं सरळ आहे. देव मानायचा तर घरी मान. बायबल मोबाईलवर आहे, प्रवचनं यूट्यूबवर आहेत, एक से एक. या लोकांच्या रांगेत बसून प्रभुभोजन घ्यायची काय गरज? मी त्याला कधीच चूक म्हणणार नाही. आणि ज्याच्या, किंवा जिच्या, शरीरावर चर्चमधल्या कुणी हात टाकलाय, तिला "टिकून राहा बाई" असं सांगणाऱ्याची मला शिसारी येते. तिनं निघून जावं, पोलिसात जावं, आणि उरलेल्यांनी तिच्या मागे उभं राहावं. हा लेख तिला काही शिकवण्यासाठी नाही. तो माझ्यासारख्यांसाठी आहे, ज्यांचा अपमान झालाय पण ज्यांच्याकडे पगार आहे, पुण्यात फ्लॅट आहे, आणि ज्यांना उठून जाणं परवडतं.

परवडतं, तिथेच माझी गाडी अडते. मी गेलो तर माझं काय बिघडणार? पिंपरीत, पुणे कॅम्पात हवी तेवढी चर्चेस आहेत, एसीवाली, गिटारवाली, स्क्रीनवर गाणी येणारी. पण त्या वहीत माझी आजी एकटी नाही. तिच्यासारख्या तीस-चाळीस म्हाताऱ्या आहेत, आणि त्यांना माती कुठे द्यायची हा प्रश्न यूट्यूब सोडवत नाही. पिंपरीच्या चर्चात त्यांना जागा नाही, गावच्या मसणवट्यात तर विचारूच नका. ओपन सोर्सवाले लोक कसे, मेंटेनर आवडला नाही की प्रोजेक्टचा फोर्क करून मोकळे. इथे फोर्क करता येत नाही. कबरस्तान एकच आहे.

आणि दुसरं कारण आजीच आहे. आजी लिहाय-वाचायला शिकली ती याच मंडळींच्या ओट्यावर. लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. पाळकांच्या बायको संध्याकाळी कंदील लावून बायकांना पाटीवर अक्षरं गिरवायला बसवायच्या. त्या काळी आमच्या वस्तीतल्या बाईला पाटीला हात लावू देणारं दुसरं कोणी तिच्या ओळखीत नव्हतं. तिनं शुभवर्तमान वाचलं, मग किराणा दुकानदाराची चिठ्ठी वाचायला लागली, मग रेशनकार्ड, मग पावत्या. पावती घेतल्यावर ती ओठ हलवत पूर्ण वाचायची, तारीखसुद्धा, आणि मगच घडी घालायची. मी लहानपणी तिला हसायचो. त्या हसण्याची मला आता लाज वाटते. ज्या चर्चनं तिला वाचायला शिकवलं, त्याच चर्चची वही तिला वाचता येत नाही असं धरून चालली. यातलं कुठलं चर्च खरं? माझं उत्तर असं की पहिलं खरं, आणि दुसरं त्याच्या जागेत घुसून बसलंय. घुसखोर आला म्हणून घरमालकानं घर सोडायचं?

आता वडीलजनांना उत्तर. इथे मात्र मी जरा आवाज चढवणार आहे.

कमिटीतले लोक पहिलं काय तोंडावर फेकतात, तर देवाच्या अभिषिक्ताविरुद्ध बोलायचं नसतं. हे मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की एकदा मुद्दाम जाऊन तो भाग पूर्ण वाचला. स्तोत्र १०५. तुम्हीही वाचा. तिथे अभिषिक्त म्हणजे कोण? अब्राहाम, इसहाक, याकोब. संख्येनं मूठभर, जमीन नसलेले, या राज्यातून त्या राज्यात भटकणारे परके. आणि दम कुणाला दिलाय? राजांना! या बिनजमिनीच्या माणसांना त्रास देऊ नका असं राजांना बजावलंय. म्हणजे वाक्य होतं दुबळ्याला सत्तेपासून वाचवणारं, आणि आपण ते वापरतो किल्ल्या, शिक्का आणि वही हातात असणाऱ्याला म्हातारीपासून वाचवायला. कमाल आहे की नाही?

बरं, दुसरा दाखला दावीद आणि शौल यांचा देतात. दावीदानं शौलावर हात उचलला नाही, बघा किती नम्र. अहो, पण पुढचं? गुहेत त्यानं शौलाच्या झग्याचा काठ कापून घेतला, आणि शौल बाहेर पडल्यावर मागून मोठ्यानं हाक मारून तो तुकडा हातात धरून दाखवला. सगळ्या सैन्यादेखत. हे बघ, पुरावा माझ्याकडे आहे, आता देवच तुझामाझा निवाडा करो, अशा अर्थाचं तो बोलला. हात उचलला नाही हे खरं, पण गप्पही बसला नाही. माझ्याकडे झग्याचा काठ नाही, १४ वर्षांच्या पावत्या आहेत.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायाचं तर आपण पार वाटोळं केलंय. भावानं अपराध केला तर आधी त्याला एकांतात सांग, हे सगळ्यांना पाठ. पण त्यापुढे लिहिलंय की ऐकलं नाही तर दोघातिघांना सोबत घेऊन जा, आणि तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. तीन पायऱ्यांची सरळ एस्कलेशन मॅट्रिक्स आहे ती. आमच्याकडे पहिल्या पायरीलाच दार लावून घेतात, आणि तिसऱ्या पायरीवर पोचणाऱ्याला 'फूट पाडणारा' म्हणतात. आणि यहेज्केलाचा चौतिसावा अध्याय, जिथे मेंढरांना सोडून स्वतःचंच पोट भरणाऱ्या मेंढपाळांना देव धारेवर धरतो, त्यावर मी आयुष्यात एकही प्रवचन ऐकलेलं नाही. तुम्ही ऐकलं असेल तर तुमची मंडळी भाग्यवान.

पौल तर सगळ्यांदेखत पेत्राला बोलला होता! अंत्युखियात. विषय होता पंगतीचा. पेत्र आधी परराष्ट्रीयांसोबत जेवायचा, यरुशलेमेहून काही मंडळी आली तसा हळूच उठून वेगळ्या पंगतीला बसायला लागला. महाराष्ट्रातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. आमच्याकडे आज रांगेत बसून एकाच पेल्यातून प्रभुभोजन घेतात आणि सोयरिकीची बोलणी सुरू झाली की दुसऱ्याच वाक्याला विचारतात, "तुम्ही आधीचे कोण?" तीन पिढ्यांपूर्वी सोडलेलं 'आधीचं' बायोडेटात लिहावं लागत नाही, पण फोनवर विचारलं जातं. माझ्या लग्नाची बोलणी चाललीत, त्यामुळे या विषयातला माझा अभ्यास ताजा आहे :)

कुणी म्हणेल, हे सगळं आत्ताचं, पूर्वीचे लोक कसे निष्ठावान होते. कुठल्या पूर्वीचे?

पंडिता रमाबाई घ्या. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेज इथल्या अँग्लिकन भगिनींच्या मठात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वय पंचवीस, विधवा, सोबत दोन वर्षांची मनोरमा. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच काळात तिथे आत्महत्या केलेली. परक्या देशात, परक्यांच्या अन्नावर. अशी बाई काय करील? मान खाली घालून सांगतील ते ऐकेल. रमाबाईंनी नेमकं उलटं केलं. त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर प्रश्न विचारले, चर्चच्या अधिकाऱ्यांचा शब्द म्हणजे देवाचा शब्द असं मानायला नकार दिला. चेल्टनमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी त्याला विरोध केला, आणि रमाबाई चिडल्या. सिस्टर जेरल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये पुस्तकरूपानं छापलेला आहे. त्यात त्या बजावतात की भटशाहीचं जोखड मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलंय, आता दुसऱ्या पुरोहितांचं तसलंच जोखड घेणार नाही. जेरल्डीनबाईंना हे गर्विष्ठपणाचं वाटलं. आजच्या कमिटीलाही तेच वाटलं असतं.

पण रमाबाईंनी ख्रिस्त सोडला का? नाही. हिंदुस्थानात परत आल्या, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे दुष्काळातल्या बायका-पोरी गोळा करून केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, आणि बायबलचं स्वतःचं मराठी भाषांतर १९२२ मध्ये मरेपर्यंत करत राहिल्या. बिशपांशी भांडलेली बाई हे सगळं करत होती. न भांडलेल्या किती जणींची नावं आपल्याला आठवतात?

नारायण वामन टिळकांची गोष्ट मला जास्त लागते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यापायी घर तुटलं, लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या (स्मृतिचित्रे वाचलं नसेल तर हे बंद करून आधी ते वाचा, मी रागावणार नाही). वीसेक वर्षं अमेरिकन मराठी मिशनमध्ये काढली. आणि १९१७ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, तब्येत ढासळत असताना, मिशनची नोकरी सोडली. मिशनऱ्यांनी मायबाप होऊन बसावं आणि देशी ख्रिस्ती माणसानं त्यांच्या पगारावर लेकरू होऊन राहावं, हे त्यांना पटत नव्हतं. नोकरी सोडून काय केलं, तर साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघेही येशूचे शिष्य म्हणून जिथे एकत्र येतील अशी जागा. आणि 'ज्ञानोदय' या मिशनच्याच पत्राचं संपादन मात्र चालूच ठेवलं. पगार सोडला, लेखणी सोडली नाही. १९१९ मध्ये ते गेले, दरबार फार टिकला नाही. पण आज मराठी चर्चात रविवारी जी गाणी म्हणतात त्यातली कितीतरी कुणाची आहेत? ज्यानं राजीनामा दिला त्याची. राजीनामा देणाऱ्याची गाणी म्हणायची आणि प्रश्न विचारणाऱ्याला बंडखोर म्हणायचं, हे आपल्यालाच जमतं बुवा.

आता वडीलजनांचा एक मुद्दा राहिला, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तो भीतीतून येतो आणि ती भीती खोटी नाही. ते म्हणतात, "बाहेर आधीच लोक टपून बसलेत. धर्मांतराच्या नावानं प्रार्थनासभा बंद पाडायलेत. अशात आपणच आपली धुणी चव्हाट्यावर धुवायची का?"

याच्याही खाली एक भीती आहे, तिच्याबद्दल तर कुणी बोलतच नाही. १९५० चा अनुसूचित जातींचा आदेश. त्यात आधी फक्त हिंदू होते, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ मध्ये ही धर्माची अट काढा असं सांगितलं, अट राहिली. २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेल्वाराणी खटल्यात स्पष्टच सांगितलं की प्रत्यक्षात ख्रिस्ती म्हणून जगायचं आणि आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करायचा ही संविधानाची फसवणूक आहे. कायदा काय म्हणतो ते कळलं. पण मराठवाड्यात कागदावर एक आणि रविवारी दुसरं अशी माणसं का आहेत, हे ज्याला कळायचं त्याला न सांगता कळतं. धर्म बदलला तरी गावानं जात बदलू दिली नाही, फक्त सवलत गेली. त्यांच्यावर बोट दाखवायची माझी लायकी नाही, माझी फी बाबांच्या पगारातून गेली.

ही भीती कुणाच्या कामाला येते माहितीय? मी पावत्या गोळा करायला लागलो तेव्हा एक मावशी आधी हो म्हणाल्या, मग आठवड्यानं नाही म्हणाल्या. खोदून विचारल्यावर कळलं. एका पंचानं त्यांना रस्त्यात गाठून फक्त एवढंच विचारलं होतं, अगदी गोडीत, "काय मावशी, पोराची व्हॅलिडिटी झाली का हो?"

बस. एवढंच. ना धमकी, ना शिवी. बाहेरच्या लोकांपासून मंडळी वाचवा म्हणणाऱ्यांनी बाहेरच्यांच्याच कायद्याची सुरी आपल्या म्हातारीच्या गळ्याला लावली. तेव्हापासून 'एकजूट' हा शब्द ऐकला की मी आधी विचारतो, कुणाची आणि कुणाविरुद्ध?

आणि झाकून काय वाचतं तेही बघितलंय आपण. १९७० मध्ये नागपुरात सहा पंथांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं केलं, केवढी मोठी गोष्ट होती ती. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच नागपूरच्या विमानतळावर त्याच चर्चच्या मॉडरेटरांना, बिशप पी. सी. सिंग यांना, मध्य प्रदेश पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं अटक केली. आरोप, शाळांच्या फीचा पैसा वळवल्याचा. घरातून दीड कोटीहून जास्त रोकड मिळाल्याचं पोलिसांनी सांगितलं. आरोप म्हणजे शाबिती नव्हे, हे मान्य. पण वही वेळेवर मंडळीपुढे उघडली असती तर ती टीव्हीवर उघडायची वेळ आली नसती. आपण धुणी घरात धुवत नाही म्हणून ती चव्हाट्यावर जातात.

मग मी काय केलं? फार काही नाही. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करून ट्रस्टचा उतारा काढला. लगेच करिंथकरांस पत्राचा हवाला आला, की विश्वासणाऱ्यानं भावाला बाहेरच्या कोर्टात खेचू नये. मी म्हटलं, पौलानंच पुढे कैसराकडे दाद मागितली होती, आणि तेही आपल्याच लोकांनी न्याय दिला नाही म्हणून. शिवाय मी कोर्टात गेलोच नव्हतो, नुसता उतारा बघायला गेलो होतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा १९५० पासून आहे, हिशेब तपासून घ्यायचे असतात, त्यात पाप कुठलं? उताऱ्यावर विश्वस्तांची पाच नावं होती. त्यातले दोघं त्याच कबरस्तानात आहेत. त्यांच्याकडे पावती मागितली होती की नाही, कल्पना नाही.

मंडळींची सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे. तीन मागण्या लेखी दिल्यात. हिशेब दाराबाहेर लावा, घरी जाऊन वर्गणी घेतली तर जागेवर पावती द्या, आणि वर्गणी थकली म्हणून कुणाची माती अडवायची नाही. तिसरी मागणी मान्य झाली आणि बाकी दोन फेटाळल्या तरी मी पुढच्या रविवारी उपासनेला असेन. तिन्ही फेटाळल्या तरी असेन. मित्राला हे येडेपणाचं वाटतं. वाटू दे. वडीलजनांना तर ते जास्तच जड जाणार आहे, कारण निघून गेलेल्या माणसाची फाईल बंद करता येते, दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसणाऱ्याची करता येत नाही.

हां, एक सांगायचं राहिलं. परवा निघताना त्या मावशी, व्हॅलिडिटीवाल्या, स्टँडवर आल्या. एसटी लागली होती. पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढून माझ्या मांडीवर ठेवली. आत पावत्यांचा गठ्ठा, दोऱ्यानं बांधलेला. मी म्हटलं, "मावशी, पोराचं काय?" तर म्हणाल्या, "पोरालाच इचारलं. त्यो म्हनला, दे." मग खिडकीतून हात घालून गठ्ठ्यावर बोट ठेवलं, "वरची दोन पानं भिजलीत बा. तारीख दिसत नसंल तर फोन कर, मला ध्यानात हाय."

नांदेडपर्यंत त्याच वाचत होतो. २००९ पासूनच्या आहेत. मांडायला एक संध्याकाळ पुरेल.